लहान मुलांचं वाचन-लेखन: घरून आणि वर्गातून येणारे नेहमीचे प्रश्न

मी बालवर्ग आणि पहिली-दुसरीला शिकवते. जूनमध्ये पालक जे प्रश्न घेऊन येतात, तेच थोड्या वेगळ्या शब्दांत नवे शिक्षक विचारतात. म्हणून दोघांसाठी एकत्रच उत्तरं लिहिली आहेत. साधारण तीन ते आठ वर्षांची मुलं डोळ्यांपुढे आहेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

मुलाला वाचायला कधीपासून शिकवायचं?

वाचनाला मुहूर्त नसतो. सहा महिन्यांचं बाळ पुस्तक तोंडात घालतं. दीड वर्षाचं मूल उलटं धरलेलं पुस्तक फिरवून सरळ करतं. तीन वर्षांच्या मुलाला बसच्या पाटीवर आपल्या नावातलं अक्षर दिसलं, की ते गाडीभर ओरडून सांगतं. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६६ मध्ये आपल्या प्रबंधात अशा सगळ्या वागण्याकडे वाचनाचाच भाग म्हणून पाहिलं. तोवर ‘मूल तयार झालं की शिकवा’ असा समज होता आणि त्याआधीचं सगळं खेळात जमा धरत. ‘उमलती साक्षरता’ ही कल्पना त्यांच्या त्या कामातून पुढे आली.

अक्षरं शिकवण्याचं वय देशोदेशी वेगळं आहे. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते, तर इंग्लंडमध्ये चार-पाच वर्षांची मुलं अक्षरांना भिडलेली असतात. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली मुलं आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं यांची तुलना केली. अकराव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही गट सारखंच वाचत होते. तेव्हा शेजारचं मूल चौथ्या वर्षी वाचतंय म्हणून धास्तावू नका. पण या अभ्यासाचा आधार घेऊन हात बांधून बसूही नका. उशिरा शिकलेल्या त्या मुलांची आधीची दोन वर्षं गोष्टी, गाणी आणि गप्पांनी भरलेली होती.

तो पुस्तक धरून पाठ झालेलं म्हणतो. हे खोटं वाचन नाही का?

जरा निरखून बघा, मग ठरवा. माझ्या वर्गातली चार वर्षांची एक मुलगी बाहुलीला पुस्तक वाचून दाखवायची. मी वर्गाला दाखवते तसं पुस्तक बाहुलीकडे वळवलेलं असायचं. मग हिला चित्र दिसेना, म्हणून मान वाकडी. पान उलटताना आवाज खाली आणून “आणि तेवढ्यात…” म्हणायची आणि थांबायची. आता ‘तेवढ्यात’, ‘एके दिवशी’, ‘तो उद्गारला’ असं आपण घरी बोलत नाही. ही पुस्तकाची भाषा तिने कानाने उचलली होती. पुस्तक कुठून सुरू होतं, पान कोणत्या बाजूने उलटायचं, चित्र बोलत नाही पण ओळ बोलते, एवढं सगळं तिला कळलेलं होतं.

पुढची पायरी तिने स्वतःच गाठली. एका ओळीवर बोट फिरवताना तोंडात शब्द होते चार आणि कागदावर तीनच. ती थांबली, पुन्हा सुरुवातीला गेली, बोट हळू केलं. पाठ असलेली ओळ आणि छापलेली ओळ जुळत नाही हे मुलाला खटकणं फार मोलाचं आहे. त्या क्षणी “बघ, चुकलीस” म्हणायला धावू नका.

गोष्ट वाचून दाखवताना नेमकं काय करायचं?

बहुतेक घरांत अशी परीक्षा चालते: “हे काय?” “कुत्रा.” “रंग कोणता?” “काळा.” “शाब्बास.” पान उलटलं. मुलाने दोन शब्द उच्चारले, तेही आधीपासून येणारे.

आता हे बघा. त्याच चित्रावर एका आजीने विचारलं, “हा दाराशी का बसलाय रे?”
“त्याला आत यायचंय.”
“मग भुंकत का नाही?”
मूल थोडं थांबलं. “आत बाळ झोपलंय ना.”
चित्रात बाळ नव्हतंच. आजी म्हणाली, “असं होय! बाळाची झोपमोड होईल म्हणून बिचारा गुपचूप बसलाय.”

शेवटच्या वाक्यात आजीने मुलाचंच म्हणणं घेतलं, त्यात ‘झोपमोड’ आणि ‘गुपचूप’ हे दोन शब्द घातले आणि परत दिलं. याला संवादी वाचन म्हणतात. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना असंच उघडे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात भर घालायला शिकवलं. महिन्याभरात ती मुलं बोलण्यात पुढे गेली. तुलनेच्या गटातल्या मुलांनाही पालक वाचून दाखवतच होते, फरक पडला तो वाचण्याच्या पद्धतीने.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मनात पाच आकडे मोजा. आपण मोठी माणसं दुसऱ्या आकड्यालाच उत्तर देऊन मोकळी होतो. (मी अजूनही होते.)

आणखी एक. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या प्रयोगांत दिसलंय, की वाचून दाखवताना लहान मुलं जवळजवळ पूर्ण वेळ चित्रच बघतात, छापील ओळीकडे त्यांचं लक्ष जात नाही. म्हणून अधूनमधून ओळीखाली बोट फिरवावं, “हा एवढा लांब शब्द कोणता बरं?” असं सहज विचारावं. पण गोष्ट ऐन रंगात आली असेल तर नाही. वाघ उडी मारायच्या बेतात असताना अक्षराकडे बोट दाखवणाऱ्या माणसाचा कुणालाही राग येईल.

रोज तेच पुस्तक मागते. बदलू का?

बदलू नका. कंटाळा तुम्हाला आलाय, तिला नाही. तीन वर्षांच्या मुलांवरच्या एका प्रयोगात नवे शब्द एकाच गोष्टीतून पुन्हा पुन्हा ऐकलेल्यांना ते जास्त चांगले लक्षात राहिले. तेच शब्द तितक्याच वेळा वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकलेली मुलं मागे पडली. फारच असह्य झालं तर एखादा शब्द मुद्दाम चुकवा. ती तुम्हाला लगेच पकडेल आणि त्यात तिचाही अभ्यास होईल.

आम्हालाच नीट वाचता येत नाही. मग आम्ही काय करणार?

हा प्रश्न पालक मोठ्याने विचारत नाहीत. सगळे गेल्यावर दाराशी रेंगाळून विचारतात, किंवा विचारतच नाहीत आणि पालकसभा टाळतात. म्हणून थोडं सविस्तर.

वाचनाचे दोन धागे आहेत. एक, अक्षर आणि आवाज यांची सांगड. दोन, भाषा: शब्द, लांब वाक्यं, घटनांचा क्रम, ‘का’ आणि ‘म्हणून’. पहिला धागा शाळेने सांभाळायचा आहे, ते आमचं कामच आहे. दुसरा धागा घरात विणला जातो आणि त्याला साक्षर माणूस लागतो असं अजिबात नाही. आपण लहान असताना पूर आला तेव्हा काय झालं, हे नातीला सांगणारी आजी एकही अक्षर न गिरवता वाचनाची मोठी तयारी करून घेत असते. आधी काय झालं, मग काय, माणसं घाबरली का, पाणी कुठवर चढलं, हे ऐकत बसण्याची सवय पुढे धडा समजून घ्यायला थेट कामी येते.

नुसत्या चित्रांची, शब्द नसलेली पुस्तकं मिळतात. ती मागून घ्या. तिथे सगळे सारखेच वाचक. आणखी एक युक्ती: मुलाला सांगा, “तू मला वाचून दाखव.” ते चुकीचं वाचतंय की बरोबर हे तुम्हाला कळलं नाही तरी बिघडत नाही. ऐकणारं माणूस समोर बसलंय, मान डोलावतंय, “मग पुढे?” म्हणतंय, एवढं पुरतं.

शिक्षकांना मात्र विनंती, की घरी पाठवायचं काम ‘घरात वाचणारं माणूस आहे’ असं गृहीत धरून आखू नका. या घरांत ज्ञान असतं, ते छापलेलं नसतं इतकंच. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी पाठवलं. शिक्षकांनी जायचं ते शिकवायला नव्हे, या घरांना काय काय येतं हे पाहायला. शेती, बांधकाम, औषधी वनस्पती, हिशेब, दुरुस्ती असं बरंच काही निघालं. १९९२ मध्ये त्यांनी याला घरातल्या ज्ञानाची ठेव म्हटलं. वर्गात एखादी आई शिलाई मशीन उघडून दाखवते, मग त्यावर मुलं बोलतात, चित्र काढतात, नावं लिहितात. त्या दिवशी ‘टाका’, ‘दोरा’, ‘सुई’ हे शब्द फळ्यावर लिहिण्यासाठी मला कसलीही प्रस्तावना करावी लागत नाही.

गरीब घरांतली मुलं तीन कोटी शब्द कमी ऐकतात, असं वाचलं. खरं आहे का?

हा आकडा बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांच्या १९९५ च्या अमेरिकी अभ्यासातला. त्यांनी फक्त ४२ कुटुंबांचं बोलणं नोंदवलं आणि त्यावरून चार वर्षांच्या वयापर्यंतचा अंदाज बांधला. पुढे त्यावर बरीच टीका झाली: कुटुंबं थोडी होती, आणि मुलाला उद्देशून न बोललेलं, आजूबाजूचं बोलणं मोजलंच नव्हतं. नंतरच्या अभ्यासांत इतकी मोठी दरी दिसली नाही. हा आकडा पालकांच्या अंगावर टाकणाऱ्या शिक्षकाशी माझं पटत नाही. शब्दांच्या राशीपेक्षा चेंडूफळीसारख्या आलटून-पालटून होणाऱ्या गप्पा महत्त्वाच्या, असं २०१८ नंतरच्या संशोधनातूनही दिसतंय. दिवसभर चालू असलेला टीव्ही शब्द पुष्कळ देतो, पण मुलाने काही विचारलं तर उत्तर देत नाही.

‘ध्वनींची जाणीव’ म्हणजे काय? अक्षरांआधी ती कशाला?

‘टोपी’ हा शब्द मुलाला एक वस्तू म्हणून माहीत असतो. तो टो-पी असा फुटतो, त्याची सुरुवात ‘टोमॅटो’सारखी आहे आणि शेवट ‘झोपी’सारखा, हे त्याच्या ध्यानातही नसतं. कारण बोलताना आपण अर्थाकडे बघतो, आवाजाकडे नाही. लिपी मात्र आवाजाचीच असते. म्हणून आधी कान तयार व्हावा लागतो.

१९८३ मध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी इंग्लंडमध्ये सुमारे ४०० मुलांचा मागोवा घेतला. चार-पाच वर्षांच्या वयात यमक आणि सुरुवातीचे आवाज ओळखणारी मुलं पुढे चांगली वाचू लागली. त्यातल्या ज्या मुलांना आवाजांचे खेळ आणि सोबत हातात घ्यायची अक्षरं दोन्ही दिली, त्यांचं सर्वांत चांगलं झालं.

मराठीत आपली चढण थोडी सोपी सुरू होते, कारण आपलं अक्षर बहुतेकदा उच्चाराच्या एका तुकड्याएवढं असतं. ‘आगगाडी’ला टाळ्या वाजवायला लावा, बहुतेक मुलं चार वर्षांच्या आसपास जमवतात. मग ‘पाटी’तून ‘पा’ काढला तर काय उरलं? ‘माती’च्या ‘मा’ऐवजी ‘जा’ म्हटलं तर? ‘कान, कागद, पाटी, काठी’ यांत परका कोण? यासाठी वेगळा तास नको. रांगेत उभं असताना, हात धुताना, बूट घालताना दोन मिनिटं पुरे. पुढे ‘का’ आणि ‘की’ यांत सारखं काय, हा प्रश्न येतो तेव्हा खरा कस लागतो, कारण तिथे अक्षराच्या आतला ‘क्’ ऐकायचा असतो. तो ऐकू आला की मात्रा-वेलांटीचं कोडं अर्धं सुटतं.

मुळाक्षरं अ ते ज्ञ ओळीने शिकवावीत का?

म्हणायला ओळीने म्हणू द्या, मुलांना ते आवडतं. वाचायला शिकवताना मात्र मी ओळ मोडते. ‘अ’पासून निघालात तर ‘ज्ञ’ येईपर्यंत महिने जातात आणि तोवर मुलाला एकही वाक्य वाचता येत नाही. एवढा उत्साह कुणाचाही टिकणार नाही.

त्याऐवजी न, क, म, र ही चारच अक्षरं घ्या आणि लगेच त्यांना काना जोडा. नाक, कान, काम, मका, मान, कार, नका, मारा, कमान, नकार. दुसऱ्या आठवड्यात मूल ‘मार नका’ असं काहीतरी स्वतः जुळवतं आणि खिदळतं. मग दोन-तीन अक्षरं आणि वेलांटी. आधी सगळी अक्षरं, मग सगळ्या बाराखड्या, हा क्रम मोठ्यांना नीटनेटका वाटतो खरा. पण ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तर ४०८ रूपं होतात. ती पाठ करायची गोष्टच नव्हे, काना-मात्रेची रीत एकदा कळली की ती आपोआप तयार होतात.

आणि घाई करू नका. इंग्रजीची २६ अक्षरं वर्षभरात होतात म्हणून आपलीही व्हायला हवीत, असं नाही. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांबद्दल मांडलेल्या अभ्यासात अक्षरज्ञान चौथीपर्यंत वाढतच असल्याचं दिसतं. जोडाक्षरांचा संसार मोठा आहे. एकट्या ‘र’चीच सोंगं बघा: कर, प्रकाश, ट्रक, सूर्य, तऱ्हा.

पहिल्या वेलांटीला मुलं का अडखळतात?

कारण ती आवाजाच्या क्रमाशी खोटं बोलते. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ येतो, लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी उभी राहते. रफाराचंही तसंच, ‘सूर्य’मधला र ऐकू येतो य-च्या आधी आणि बसतो य-च्या डोक्यावर. “बघून लिही” म्हणून भागत नाही, हे उघड सांगावं लागतं. एकदा फोनवर टाइप करून दाखवा: आधी क उमटतो, मग वेलांटी उडी मारून त्याच्या डावीकडे जाते. माझ्या वर्गात याला जादू म्हणतात.

तसाच ‘च’. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांचा च वेगळा. ‘जग’ हा शब्द एका उच्चाराने दुनिया, दुसऱ्याने जगण्याची आज्ञा. मुलाने चुकीच्या च-ने वाचलं तर ती वाचनाची चूक नाही. ते अर्थाकडे पोहोचलं की उच्चार स्वतःच दुरुस्त करतं.

अक्षरं उलटी काढतो. डिस्लेक्सिया असेल का?

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन शिकताना येणारी अडचण. सहा-सात वर्षांपर्यंत नुसत्या उलट्या अक्षरांमुळे बहुधा नाही. चमचा डावीकडे वळवा नाहीतर उजवीकडे, चमचाच राहतो, असं डोळ्यांनी जन्मापासून शिकलेलं असतं. ही सवय अक्षरांपुरती मोडावी लागते. घ-ध, भ-म, ब-व यांची गल्लतही नेहमीची.

मी सावध होते ती वेगळ्या खुणांनी. वर्षभर नीट शिकवूनही मोजकीच अक्षरं ओळखणं, टाळ्यांचा खेळ सहाव्या वर्षीही न जमणं, ओळखीच्या वस्तूंची नावं सारखी न आठवणं, घरात आणखी कुणाला वाचनाची अडचण असणं. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला आवाजांतले बारीक फरक ऐकूच येत नसतात, आणि आपण त्याला ‘लक्ष नाही’ म्हणत असतो. ते ठीक असेल तर तज्ज्ञाकडे जा. ‘मोठा झाला की येईल’ म्हणत तिसरीची वाट बघू नका.

चुकीचं लिहिलं तर लगेच सुधारावं का?

एका घरातून मला एक चिठ्ठी आली. सहा वर्षांच्या मुलीने ती भावासाठी दाराला चिकटवली होती: ‘आत यउ नक’. आईने खाली लाल पेनाने बरोबर वाक्य लिहून तीनदा काढायला लावलं होतं.

आता ही चिठ्ठी पुन्हा वाचा. तीन शब्द, मध्ये रिकामी जागा सोडलेली. ‘आत’ बिनचूक. ‘येऊ’मधला शेवटचा स्वर वेगळा ऐकून वेगळा लिहिला. राहिल्या त्या मात्रा. म्हणजे तिला काय येतं आणि पुढे काय शिकवायचं, हे एका चिठ्ठीत उघड आहे. चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत शाळेआधीच्या मुलांचं असं मनाने केलेलं लेखन तपासलं, तेव्हा त्या चुकांत ठाशीव नियम सापडले. मुलं कानाने ऐकलेलं प्रामाणिकपणे उतरवत होती.

घरी चिठ्ठीला चिठ्ठीने उत्तर द्या: ‘बरं, मी आत येऊ का उद्या?’ बरोबर रूप तिच्या डोळ्यांसमोर येतं आणि भांडणही पुढे चालू राहतं. मात्रेचा धडा मी वर्गात घेते. दुसरीनंतर ठरावीक शब्द शुद्ध हवेत हा आग्रह जरूर धरावा, पण पहिल्या खर्ड्यावर नाही.

गिरवण्याचं काय? हाताने अक्षर काढल्याने ते ओळखायला मदत होते, याला पुरावा आहे. २०१२ मधल्या एका मेंदूचित्रण अभ्यासात पाच वर्षांच्या मुलांच्या मेंदूतला वाचनाचा भाग अक्षर हाताने काढल्यानंतर जागा झाला, टाइप केल्यानंतर तसा नाही. पण एका पानावर चाळीस ‘क’ नकोत. पाच काढा, त्यातला सर्वांत देखणा कोणता ते मुलालाच विचारा.

घरची बोली वेगळी आहे. आधी प्रमाणभाषा शिकवावी का?

आधी मूल बोलतं व्हावं. ‘पानी सांडलं’ म्हणणाऱ्याला “पाणी म्हण” असं तिथल्या तिथे टोकलं, की पुढच्या वेळी ते पाणी सांडल्याचं सांगतच नाही. मी म्हणते, “पाणी सांडलं? कुठे?” एवढ्याने माझं रूप त्याच्या कानावर पडलं आणि त्याची बातमीही पुढे गेली. घरात पूर्ण वेगळी भाषा असेल तर ती सोडू नका. एका भाषेत कमावलेली समज दुसरीत वापरता येते, हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स १९७९ पासून मांडत आले आहेत. शिकवणं मातृभाषेतून सुरू व्हावं असं युनेस्कोने १९५३ मध्येच सांगितलं होतं. मोडक्या परभाषेत दिलेल्या सूचनांपेक्षा घरच्या भाषेतली खमंग गोष्ट कधीही बरी.

मोबाइलवरची अक्षरांची ॲप्स? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर नको. त्या मर्यादेत, शेजारी बसून, बोलत बोलत बघितलं तर चालेल. मूल एकटं कोपऱ्यात बसलं असेल तर ॲप कितीही शैक्षणिक असो, ते मुलाला गुंतवून ठेवण्याचंच काम करतं.

वर्गात चाळीस मुलं आहेत. हे सगळं कसं जमवायचं?

सगळं जमत नाही. मी तीन गोष्टी धरून ठेवते.

पहिली, हजेरी. मी नावं पुकारत नाही. दाराशी नावांच्या पट्ट्या असतात, आपली उचलायची आणि खिशात घालायची. पहिल्या आठवड्यात सगळे पहिलं अक्षर बघून उचलतात. मग समीर आणि समीरा यांची पट्टी अदलाबदल होते, भांडण होतं, आणि दोघं माझ्यापुढे उभे राहून शेवटच्या कान्याचा शोध लावतात. हा धडा मी योजून घेतला असता तर इतका पक्का झाला नसता.

दुसरी, फळ्यावर रोजचं एक वाक्य, मुलांनी सांगितलेलं. ‘आज मैदानात सरडा आला.’ मी लिहिताना मोठ्याने विचार करते: “सरडा… स, मग?” वाक्य त्यांचं असतं म्हणून चाळीसच्या चाळीस माना वर असतात. दिवसाच्या शेवटी ते वहीत उतरतं.

तिसरी, छोटे गट. सहा मुलं माझ्याजवळ पंधरा मिनिटं, बाकीची पुस्तकांच्या कोपऱ्यात, चित्रांत, मातीत. पहिले दोन महिने फक्त ही घडी बसवण्यात जातात, आणि ते दोन महिने वाया गेले असं वाटतं. तसं वाटू देऊ नका.

भिंतींवरच्या छापील तक्त्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. ‘खिडकी’, ‘दार’, ‘फळा’ अशा चिठ्ठ्या आठवडाभरात दिसेनाशा होतात. मुलांनी स्वतः लिहिलेल्या, वापरात असलेल्या गोष्टी लावा: आज झाडांना पाणी कोण घालणार, हरवलेल्या पेन्सिलीची जाहिरात.

पालक सहभागी होत नाहीत. काय करावं?

आधी माझी चूक सांगते. एका वर्षी मी ‘वाचन-वही’ काढली. रोज दहा मिनिटं वाचा, पालकांनी सही करायची. दोन महिन्यांनी वह्या तपासल्या तर सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच झोक्यात. रविवारी रात्री आठवड्याच्या सह्या एकदम होत होत्या. मी पालकांना मुलाजवळ बसायला सांगितलं नव्हतं, हिशेब द्यायला सांगितलं होतं. वही बंद केली.

आता शाळा सुटताना मुलाच्या तोंडी एक प्रश्न पाठवते: “आज कासवाने काय थाप मारली ते विचारा.” उत्तर मुलाकडे असतं, म्हणून घरी सांगणारं मूल आणि ऐकणारे मोठे. वाचता येणं, वेळ काढणं, साहित्य आणणं, यातलं काहीच लागत नाही. रात्रपाळीचा बाबाही सकाळी विचारू शकतो. ज्यांना येणं जमत नाही ते आवाजात गोष्ट रेकॉर्ड करून पाठवतात, ती मी वर्गात ऐकवते. आपल्या आईचा आवाज वर्गात घुमला की त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. पहिल्या पालकभेटीत मी प्रगतीपुस्तक उघडत नाही, “घरी हा कशाबद्दल बोलतो?” एवढंच विचारते आणि लिहून घेते.

पालक विचारतात, “मग घरी अक्षरं घ्यायचीच नाहीत का?” घेतलीत तर अपाय नाही. कॅनडात मोनिक सेनेशाल आणि जो-ॲन लफेव्र यांनी पाच वर्षं मुलांचा मागोवा घेऊन २००२ मध्ये दाखवलं, की घरी गोष्टी वाचल्याने शब्दसंपत्ती वाढते आणि घरी अक्षरं शिकवल्याने अक्षरओळख वाढते. एकातून दुसरं आपसूक येत नाही. अक्षरांसाठी शाळा आहे. मांडीवर बसवून वाचायला माझ्याकडे चाळीस मांड्या नाहीत. म्हणून घरी वेळ थोडाच असेल तर तो गोष्टीला द्या.

भराभर वाचतो, पण विचारलं तर काही सांगता येत नाही. का?

गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये याचं साधं गणित मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा. ऐकून कळला, तर त्याची सगळी ताकद अक्षरांतच खर्च होतेय, सराव आणि सोपी पुस्तकं द्या. ऐकूनही कळला नाही, तर आणखी वाचन-सरावाने काही होणार नाही. शब्द, विषय, गप्पा यांकडे वळा.

आता स्वतः वाचू लागली. वाचून दाखवणं थांबवू का?

इतक्यात नको. पहिली-दुसरीतलं मूल स्वतः जे वाचू शकतं, त्याच्या कितीतरी पुढचं ऐकून समजू शकतं. तुम्ही थांबलात तर तिच्या वाट्याला फक्त ‘कमल, नमन कर’ छापाची वाक्यं उरतात. एका घरात आता एक पान बाबा आणि एक पान मुलगी असं चालतं. बाबांच्या लक्षात आलंय, की सुरुवात कुणी करायची हे ती रोज नव्याने ठरवते. आधी पुढची पानं चाळून मोठी चित्रं कुठे आहेत ते बघून घेते, आणि ती पानं बरोबर तिच्या वाट्याला येतात.